टाकावर बाया किती

गेवराईचा सोनार परवा विचारत होता, टाकावर बाई एक काढू का दोन.

तुमचा तेरावा अजून व्हायचा आहे. ओटीवर माणसं येतात, चहा पितात, "लई गरीब माणूस व्हता" म्हणतात आणि जातात. मी कोपऱ्यात बसून असते. कारभार सगळा तुमच्या बहिणीनं, गोदाक्कानं, हातात घेतला आहे. गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा ही आपल्या घराची रीत. बोटभर पत्रा, त्यावर तुम्ही, हातात काठी, अंगावर घोंगडी, शेजारी बायको. बायको कोणती, एवढाच प्रश्न. गोदाक्कानं माझ्याकडं न बघता सोनाराला सांगितलं, "एकच काढ. ठकूची. ही हाय की अजून जित्ती."

जित्ती आहे हा माझा गुन्हा झाला.

सोनाराला म्हटलं, थांब, विचार करून सांगते. विचार करायचा तर तुमच्याशी बोलल्याशिवाय जमत नाही. तोंडानं बोलले तर सून म्हणेल, आत्यालाबी आबांसारखं खूळ लागलं. म्हणून लिहिते. चौथी शिकलेली आहे, लिहिता येतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं लिहायला भीतीही नाही.

ठकू तुमची पहिली बायको. बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. वर्षाच्या आत तुम्ही मला आणलंत. मांडवातच सासूबाईंनी मंगळसूत्राच्या जोडीला ठकूचा टाक माझ्या गळ्यात घातला. दुसरेपणावर दिलेल्या पोरीनं मेलेल्या सवतीला अशी गळ्यात वागवायची, म्हणजे ती संसारात आडवी येत नाही. रोज आधी तिला कुंकू, मग मला. लुगडं आणलं तर आधी तिच्यापुढं ठेवायचं, मग मी नेसायचं. सणाचा पहिला घास तिला. मी सगळं केलं, एकदाही चुकवलं नाही. बरं, केलं ते केलं, पण जिच्यासाठी करायचं ती कशी होती हे तरी कळावं ना माणसाला.

"कशी व्हती वो ती?" मी विचारायची.

"व्हती."

"गोरी का काळी?"

"माणसाच्या रंगाची."

"माज्यापरीस चांगली व्हती?"

"मेंढरं सुटली बघ," म्हणून तुम्ही उठायचात. मेंढरं वाघुरीत, चारी बाजूंनी जाळीत कोंडलेली असायची. तरी माझ्या ह्या प्रश्नाला ती हमखास सुटायची.

ते भांडण तसंच अर्धं राहिलं. मला वाटलं, विसरला माणूस तिला. दोन-तीन वर्षांचा संसार, तो कोण किती लक्षात ठेवतो? मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुम्ही मला "आगं" म्हणायचात. मारुती झाल्यावर "मारुतीची माय" म्हणायला लागलात. पारू म्हणून कधी हाक मारली नाही. नवरा बायकोचं नाव घेत नाही, हे मलाही माहीत होतं. पण मेंढीला मात्र नाव. लंगडीला नाव, चोरटीला नाव, भुंड्या कानाच्या म्हातारीला नाव. त्यांच्याशी तुम्ही दिवसभर बोलून घ्यायचात आणि घरी येताना तोंड रिकामं करून यायचात.

तुमचं बिघडतंय हे मला आधी कळलं, बाकी सगळ्यांच्या आधी. गायरानात प्लॉट पडत होते त्या दिवसांतली गोष्ट. तलवाड्याच्या बाजारात रंगीत ब्लँकेटांचे ढीग लागायचे आणि घोंगडीला कोणी हात लावत नव्हतं. मेंढरं विकून प्रवासी भरायची वडापाची जीप घ्यायची म्हणून मारुती मागं लागला होता. अशा एका संध्याकाळी कळप चरून आला. दिवसभर कोंडलेली कोकरं ओरडायला लागली, पान्हावलेल्या मेंढ्या ओरडायला लागल्या. तुम्ही एकेक कोकरू उचलून ज्याच्या त्याच्या आईला लावत होतात. हे काम तुमच्यासारखं आसपास कोणाला येत नव्हतं. आम्हाला सगळी तोंडं सारखी दिसायची. तुम्ही म्हणायचात, "सारखी कशी? सारखी तर माणसं असत्यात."

त्या दिवशी तुम्ही एक कोकरू उचललंत आणि भलत्याच मेंढीला लावलंत. तिनं वास घेतला आणि ढुशी मारली. तुम्ही परत लावलंत, तिनं परत ढुशी मारली.

"तुपलंच हाय की! कावून मारतीस?" तुम्ही तिच्यावर खेकसलात. मग तिला धरून गुडघ्याखाली दाबलंत. कोकरू भुकेनं ओरडत होतं आणि त्याची खरी आई कळपाच्या दुसऱ्या टोकाला ओरडून घसा फोडत होती. मी आले, कोकरू तुमच्या हातातून घेतलं आणि तिच्यापाशी नेऊन सोडलं. ते शेपूट हलवत प्यायला लागलं.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. वाटलं, आता चिडतील. पण तुम्ही भ्याला होतात. लांडग्याच्या अंगावर काठी घेऊन धावणारा माणूस, त्याच्या तोंडावर भीती मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

"अंधार पडायलाय," तुम्ही म्हणालात.

दिवस अजून कासराभर वर होता.

तिथून पुढं उतरणच लागली. बाजारला गेलात आणि पिशवी तशीच रिकामी घेऊन आलात. जेवून हात धुतलेत आणि "आज भाकरी न्हाई केली का?" म्हणून विचारलंत. नारायणगडाच्या जत्रेत माझा हात सुटला, तर सापडलात कुठं? कोणाच्या तरी मेंढरांपाशी, राखण करत बसलेले. "घरी चला" म्हटलं तर मलाच म्हणता, "मालक येऊ दे, मग जातो." मारुती म्हणायचा, "आबा सोंग करायलेत. मेंढरं इकू द्यायची न्हाईत म्हणून." शेवटी त्यानं विकलीच. एक काळतोंडी तेवढी दारात ठेवली, तुमच्या समाधानाला. तिला तुम्ही शेवटपर्यंत ओळखलंत. मेंढीचा हेवा करायची पाळी माझ्यावर आली.

गोदाक्काचं निदान तयारच होतं. "ठकूचा मान चुकला असंल. त्याबिगर असा धडधाकट माणूस खुळावत न्हाई."

"कुठं चुकला? रोज कुकू लावती मी."

"लावतीस. पर मनापसून लावतीस का?"

 सवतीला मनापासून कुंकू लावणारी बाई मला एक तरी दाखवा, मी तिच्या पाया पडते. मग भगत आला, लिंबं कापली, ठकूच्या नावानं जेवण घातलं. तिच्यासाठी हिरवं जरीकाठी लुगडं आणलं. तसलं लुगडं माझ्या लग्नातही मला मिळालं नव्हतं. तुम्ही तिळभरही सुधारला नाहीत. लुगडं गोदाक्का नेसल्या.

शेवटी सून शोभानं हट्ट धरला आणि मारुतीच्या जीपमधून आपण बीडला गेलो. डॉक्टरीण तरणी होती, पण माणसासारखी बोलली.

"आजोबा, आज वार कोणता?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय? एवढी शिकली तरी?"

ती हसली. "बरं, ह्या कोण?" माझ्याकडं बोट करून तिनं विचारलं.

तुम्ही माझ्याकडं किती तरी वेळ बघितलंत. बाजारात परकं जनावर पारखावं तसं. मग म्हणालात, "भाकरी करती."

"नाव काय ह्यांचं?"

"बायकूचं नाव घेत्यात व्हय कुठं चारचौघांत?"

डॉक्टरीण कागदावर काही तरी लिहीत राहिली. तुम्हाला नाव येत नव्हतं की तुम्ही रीत पाळलीत, हे मला आजही कळलेलं नाही. बायको म्हणालात एवढं मात्र मी ऐकलं.

तिनं आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. माझ्या जिभेवर ते बसायला किती तरी दिवस लागले. ती म्हणाली, मेंदूच्या आतला भाग हळूहळू वाळत जातो. म्हातारपणी माणूस विसरतो ते निराळं, हे निराळं. म्हातारा माणूस काठी कुठं ठेवली ते विसरतो, ह्या आजारात काठी कशाला असते तेच विसरतो. हे वाढत जाणार. गोळ्यांनी थोडा आधार मिळेल, बरं होणार नाही. कोणाच्या कोपानं होत नाही, कोणी केल्यानं होत नाही. "ते सोंग करत नाहीत," असंही तिनं मारुतीकडं बघून सांगितलं, तेव्हा तो जीपची किल्ली चाळवत खाली बघायला लागला. आणखी म्हणाली, त्यांच्याशी वाद घालू नका, ओळखलं का ओळखलं का म्हणून परीक्षा घेऊ नका. आधी अलीकडचं जातं. जुनं पुष्कळ दिवस टिकतं.

"जुनं म्हंजी किती जुनं?" मी विचारलं.

"लहानपणचं, तरुणपणचं."

जीपमध्ये परत येताना  तुम्ही खिडकीतून लोकांची मेंढरं बघत होतात. मी गळ्यातला टाक मुठीत धरून बसले होते. सगळा जन्म तुमच्या भाकरी थापल्या, तुमच्याबरोबर पालं ठोकली आणि उपटली, आणि मी अलीकडची! ती दोन उन्हाळे राहिली, ती जुनी. लवकर मेली म्हणून टिकली. मेली तीही सवाष्ण, कपाळभर कुंकवानं. तिला सगळंच चांगलं मिळालं.

आणि मग एका सकाळी बाजेवर बसल्या बसल्या तुम्ही हाक मारलीत, "ठकू, पाणी दे गं."

आवाज मऊ होता. तुमच्या गळ्यात असा आवाज आहे हेच मला माहीत नव्हतं.

मी तांब्या आपटला. "ठकू मेली. मी पारू हाय."

तुमचं तोंड वाकडं झालं आणि तुम्ही लहान लेकरासारखे रडलात. "कवा मेली? मला कुणी सांगितलं न्हाई." दुसऱ्या दिवशी परत ठकू. मी परत सांगितलं, तुम्ही परत रडलात. ती रोज नव्यानं मरायची आणि तुम्ही रोज नव्यानं रडायचात. शोभा मला म्हणाली, "आत्या, कावून सांगता वो? राहू द्या की ठकू." तिला वाटलं असेल, मी दगडाच्या काळजाची. मग मी सांगणं सोडलं. तुमची दया आली म्हणून सोडलं असं लोक म्हणतात, म्हणू द्या. मला ते रडणं बघवत नव्हतं. ते तिच्यासाठी होतं.

तेव्हापासून मी ठकू झाले. ठकू म्हणून तुम्ही माझ्या हातची पेज प्यालात, ठकू म्हणून अंघोळ करून घेतलीत. दिवस कलला की तुमच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. कोकरं लावायची राहिली म्हणून दाराकडं धावायचात. मी म्हणायची, "पारूनं लावली. बसा." तुम्ही बसायचात. पारू कोण हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही.

एक गोष्ट आहे, ज्यासाठी मला तुमच्या आजाराचाच हेवा वाटला. आपली पोरगी लिंबी. गोदावरीच्या काठाला पाल होतं आणि ती पानं तोडायला गेली आणि साप चावला. तुम्ही तिला खांद्यावर टाकून पळत गेला होतात. त्यानंतर आपण दोघांनी तिचं नाव काढलं नाही, पण दोघांनाही माहीत होतं की दुसऱ्याला माहीत आहे. तेवढाच आधार होता. एके दिवशी तुम्ही सहज विचारलंत, "पोरगी दिसंना कुठं?" मी म्हणाले, "पाण्याला गेली." तुम्ही म्हणालात, "उन्हाची कावून धाडलीस?" आणि तंबाखू मळायला लागलात. तुमची पोरगी पाण्याला गेलेली, येणार होती. माझी मातीत. आता ते ओझं ह्या घरात मी एकटीच वाहते. तुम्ही आपल्या बाजूचं टोक सोडून दिलंत आणि चालते झालात.

आता ज्या दुपारसाठी हे सगळं लिहिलं ती सांगते.

तुम्ही लिंबाखाली बाजेवर होतात. काळतोंडी खुंट्याला बांधलेली, मी शेजारी तूर पाखडत बसले होते. तुम्ही म्हणालात, "ठकू, एक सांगू? रागं भरू नकोस."

"सांगा."

"मी दुसरी केली."

मी सूप हलवत राहिले.

"माय म्हणली, कर. मंग केली."

इतकी वर्षं मी तुम्हाला ठकूबद्दल जो प्रश्न विचारला, तोच मी ठकू होऊन विचारला. "कशी हाय ती?"

मला वाटलं म्हणाल, हाय. मेंढरं सुटतील. पण तुम्ही मांडी घालून नीट बसलात.

"तोंडाळ हाय. लई. मायचं ऐकत न्हाई, मपलंबी ऐकत न्हाई. पर एक सांगतो. नदीला पूर आलता आन् मी तापानं पडलेलो. हिनं एकटीनं वाघूर उपसली आन् मेंढरं माळावर नेली. छातीएवढं पाणी. कोकरं टोपल्यात घालून डोक्यावर घेतली. एक न्हाई वाहू दिलं. मी पालातून बगत व्हतो. असलं माणूस म्या बगितलं न्हाई, ठकू."

"मंग म्हणला का तिला काई?"

"न्हाई."

"कावून?"

"मपल्या माणसाला काय म्हणायचं असतंय?"

माझ्या सुपातले खडे उडाले, त्यांच्याबरोबर तूरही उडाली. काळतोंडी उडालेली तूर टिपायला लागली. मी विचारलं, "नाव काय तिचं?"

"पारू," तुम्ही म्हणालात. त्याच मऊ आवाजात. आणि इकडं तिकडं बघून हळूच पुढं म्हणालात, "तिला सांगू नकोस हां. डोक्यावर बसंल."

माझं नाव तुमच्या तोंडून मी जन्मात एकदा ऐकलं. तेही तिला सांगितलेलं.

लोकांना वाटेल, बाई सुखावली असेल. मला ठकूचा इतका राग कधीच आला नव्हता. कौतुक माझं, आणि ऐकायला मिळालं तिला! माझ्या कानांनी तिनं ऐकलं. पुराचं ते पाणी उतरल्यावर मी ओल्या लुगड्यानं चुलीपाशी बसले होते. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "चहा कर." दुसरं काहीही म्हणाला असतात तर चाललं असतं.

मी सूप खाली ठेवलं आणि म्हणाले, "आवं, मीच पारू की."

तुम्ही माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलंत आणि हसलात. "तू कशी? पारू तरणी हाय."

घ्या. म्हणजे ठकूची सवत मी, आणि वर आणखी ही एक तरणी पारू, तिचीही सवत मीच.

त्यानंतर मी पुष्कळदा विषय काढून बघितला. दुसरी कशी आहे, पाण्यातून कशी गेली. तुम्ही नुसते बघायचात. ते दार एकदाच उघडलं होतं. पुढं तर ठकूही गेली. शोभाला माय म्हणायला लागलात, तिच्याच हातून घास घ्यायला लागलात. शेवटी शेवटी घास तोंडात तसाच राहायचा, गिळायचं असतं हेही तुम्ही विसरलात. गेलात तेव्हा तुमचा हात माझ्या हातात होता. कोणाचा हात समजून धरला होतात, ते तुम्हालाच माहीत, आणि तुम्हाला काहीच माहीत नव्हतं.

आज सोनार परत आला. काचेच्या बांगड्या तर आधीच गेल्या. गोदाक्का म्हणाल्या, "आता त्यो गळ्यातला टाकबी काढ. मालकच न्हाई, तर सवत कशाची?" मी काढून सोनाराच्या हातात दिला. ठकूचं रूप त्यावरून उचलायचं होतं. त्यानं तो उजेडाला धरला, अंगठ्यानं पुसला, परत धरला.

"आजी, ह्याच्यावर तोंडच राह्यलं न्हाई. पार घासून गेलंय."

मी बघितलं. खरंच नव्हतं. सपाट, गुळगुळीत चांदी. माझ्या घामानं, माझ्या कामानं, माझ्या छातीवर घासून घासून ती पुसली गेली होती आणि मला पत्ता नव्हता. रोज कुंकू मी कोऱ्या पत्र्याला लावत होते.

"मंग हे वितळव," मी म्हणाले, "आन् ह्यांच्या टाकात घाल."

गोदाक्का उठून उभ्या राहिल्या. "आगं, सवतीला वितळवतीस? धरंल ती तुला!"

"धरू द्या. एवढी वर्सं मीच तिला धरून हाय. आता त्यांनी सांभाळावं."

सोनार हसला नाही, शहाणा माणूस. त्यानं विचारलं, "मंग बाई एक का दोन?"

मी त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगते, म्हणजे मागाहून मेंढरं सुटायला नकोत. एका अंगाला ठकू काढ म्हटलं, तिचा हक्क आहे, मी नाकारत नाही. दुसऱ्या अंगाला काही काढू नको, चांदी कोरी सोड. मी तुमच्यापाशी आले की त्या जागेचं मारुती बघून घेईल.

आल्यावर मी ओळख विचारणार नाही. डॉक्टरणीनं मनाई केली आहे. तुम्हीच हाक मारा, आणि ठकूच्या देखत मारा. नाव माहीत आहे तुम्हाला.